हाडवैरी कोणाला म्हणावं?

इंदूरच्या रामबागेत आमच्या मागच्या गल्लीतली एक मुलगी दरवर्षी गणपतीत लहान मुलांचं नाटक बसवते. यंदा तिनं एक इंग्रजी गोष्ट मराठीत आणायला घेतली आणि पहिल्याच पानावर अडली. गोष्टीतल्या राजाचा एक 'आर्चएनिमी' आहे. तिनं आधी 'जानी दुश्मन' लिहिलं, मग ते खोडून 'कट्टर शत्रू' केलं. आजीनं ऐकलं आणि म्हणाली, "अगं, हाडवैरी म्हण की!" तालमीत राजा झालेल्या मुलानं तो शब्द 'हाडवैद्य' असा वाचला. वही घेऊन ती माझ्याकडे आली. "काकू, हाडवैरी असं अजून कोणी म्हणतं का? आणि या तिन्हींत फरक काय?"

म्हणतात, आणि आजीचाच शब्द नेमका आहे. का, ते जरा सविस्तर सांगावंसं वाटतं, कारण हा शब्द आपल्या इंदुरी मराठीतून हळूहळू निसटतो आहे.

आधी 'हाड' बघू. एखादा माणूस हाडाचा शिक्षक आहे असं आपण म्हणतो, तेव्हा शिकवणं हा त्याचा नुसता पेशा नाही, तो त्याचा पिंड आहे, असं म्हणायचं असतं. सवय हाडीमांसी खिळते. जुनाट ताप हाडात मुरतो. मराठीत जे वरवरचं नाही, धुऊन जाणारं नाही, ते हाडापर्यंत पोचलेलं असतं. वैरही तसंच. रागावलेला माणूस चार दिवसांनी निवळतो, भांडलेला शेजारी दिवाळीला फराळाचं ताट घेऊन येतो. हाडवैरी येत नाही. त्याचं वैर मुरलेलं आहे.

इंग्रजीतल्या 'आर्च'चा अर्थ मुख्य, वरच्या पायरीचा. आर्चबिशपमधला 'आर्च' तोच. ख्रिस्ती लिखाणात 'आर्चएनिमी' हे सैतानाचंच नाव होतं, सगळ्या शत्रूंमधला म्होरक्या. म्हणजे तिथे शत्रूचा हुद्दा मोजलेला आहे. आपण हुद्दा मोजत नाही, मुरलेपण मोजतो. म्हणून 'प्रमुख शत्रू' हे शब्दाला शब्द ठेवून केलेलं भाषांतर बरोबर असूनही कानाला सरकारी पत्रकासारखं लागतं.

आता 'वैर'. हा शब्द 'वीर' पासून आला आहे आणि वीर म्हणजे मुळात पुरुष, लढता माणूस. वैदिक वाङ्मयात 'वैरदेय' असा शब्द आहे. माणूस मारला गेला तर त्याच्या घरच्यांना द्यायची भरपाई ती वैरदेय. आपस्तंब धर्मसूत्रात क्षत्रियाचा वध करणाऱ्यानं 'वैरयातनार्थ', म्हणजे वैर फेडण्यासाठी, हजार गाई द्याव्यात असं सांगितलं आहे. वैर हे थकलेलं देणं होतं, आणि ते फिटलं नाही तर पुढच्या पिढीच्या नावावर चढायचं. मला हे फार विलक्षण वाटतं, कारण आपल्या बोलण्यात तो हिशेब अजून जिवंत आहे. आपण उट्टं काढतो, वचपा काढतो, हिशेब चुकता करतो. शत्रुत्वाची भाषा अशी नाही. शत्रुत्व पत्करतात, ओढवून घेतात. वैर मात्र धरतात, जोपासतात, साधतात, आणि विझलं असं वाटत असताना कोणीतरी ते उकरून काढतं. क्रियापदं बघितली की दोन शब्दांतलं अंतर आपोआप कळतं. एखादा देश शत्रू असतो, उद्या तह झाला की मित्र होतो. वैऱ्याशी तह होत नाही.

आणि जन्मजात वैर? त्याची दखल खुद्द पाणिनीनं घेतली आहे. 'येषां च विरोधः शाश्वतिकः' असं एक सूत्र आहे. ज्यांचा विरोध कायमचा आहे, त्यांची नावं जोडून समास केला की तो एकवचनी होतो: अहिनकुलम्, मार्जारमूषकम्. साप आणि मुंगूस दोन प्राणी, पण व्याकरणात मिळून एक. कायमचे वैरी एकमेकांपासून इतके सुटत नाहीत की भाषेनंही त्यांना एकाच गाठोड्यात बांधलं. आपण 'त्या दोघांचं साप-मुंगसाचं वैर आहे' म्हणतो, तेव्हा तेच म्हणत असतो. पंचतंत्राचं तिसरं तंत्र सबंध कावळे आणि घुबडं यांच्या अशाच वैरावर उभं आहे.

विळ्या-भोपळ्याचं सख्य किंवा ३६ चा आकडा हे मात्र हाडवैर नव्हे, हे त्या मुलीला मी मुद्दाम सांगितलं. वहीत ३ आणि ६ शेजारी शेजारी काढून दाखवले: दोघांनी एकमेकांकडे पाठ फिरवली आहे, बस. न पटणं वेगळं, जिवावर उठणं वेगळं. नणंद-भावजयीत ३६ चा आकडा असू शकतो आणि तरी दोघी एकाच पंगतीत बसून जेवतात.

'जानी दुश्मन' चुकीचा नाही. जान म्हणजे जीव, जिवाशी संबंध असलेला तो जानी. गंमत अशी की जानी दोस्तातला जानीही हाच. पण आपल्याकडे सकाळी पोह्याच्या ठेल्यावर उभं राहिलं की हा शब्द दिवसातून चार वेळा कानावर पडतो. क्रिकेटमध्ये गडी बाद करणाऱ्यालाही मुलं जानी दुश्मन म्हणतात. वापरून वापरून त्याची धार गेली. 'कट्टर'चं तसंच. कट्टर समर्थक, कट्टर विरोधक, कट्टर शत्रू, सगळ्यांना एकच विशेषण. निवडणुकीच्या बातमीला ते पुरतं.

इंदूरकरांनी खरं जपायला हवा तो 'दावेदार'. इथल्या हिंदी वर्तमानपत्रांत रोज कोणीतरी कुठल्यातरी पदाचा दावेदार असतो, आणि आता मराठीतही तोच अर्थ चालतो, हक्क सांगणारा. जुन्या मराठीत दावा म्हणजे फिर्याद आणि दावा म्हणजे वैरही. भावाभावांत 'उभा दावा' असायचा. जन्मभर छळणाऱ्या माणसाला बायका 'मागल्या जन्मीचा दावेदार' म्हणायच्या. माझ्या आईच्या तोंडी तो शब्द होता. वांड वासरानं दुधाची चरवी लाथाडली की ती त्याला दावेदार म्हणायची, आणि लगेच त्याच्या पाठीवरून हात फिरवायची. तो अर्थ ठाऊक नसलेला आजचा मुलगा 'दावा साधला' हे 'डाव साधला' असं वाचतो, आणि वाक्यातला सूडच नाहीसा होतो.

मुलीनं मग विचारलं, शिंदे-होळकर हाडवैरी होते का? इंदुरात हा प्रश्न येणारच. १७९७ साली पुण्यात दौलतराव शिंद्यांच्या फौजेनं छावणीवर घाला घातला आणि दुसरे मल्हारराव होळकर मारले गेले. १८०१ च्या एप्रिलमध्ये त्यांचे भाऊ विठोजी होळकर यांना पेशवे दुसऱ्या बाजीरावानं हत्तीच्या पायी दिलं. त्याच साली जुलैत या दोघांचे भाऊ यशवंतराव होळकर यांनी उज्जैनला शिंद्यांची फौज मोडली, आणि ऑक्टोबरात शिंद्यांच्या बाजूच्या सर्जेराव घाटग्यांनी इंदूर लुटलं. २५ ऑक्टोबर १८०२ ला हडपसरला यशवंतरावांनी पेशवे आणि शिंदे यांच्या फौजांचा एकत्र पराभव केला. भावांचं रक्त मध्ये आहे, म्हणजे वैर तर खरंच. पण १८०५ मध्ये हेच दौलतराव आणि यशवंतराव इंग्रजांविरुद्ध सबळगडला एकत्र आले. शिवाय थोरले मल्हारराव आणि राणोजी शिंदे माळव्यात खांद्याला खांदा लावून लढलेले. म्हणून दोन घराण्यांना हाडवैरी म्हणायला माझी जीभ अडखळते. दावा म्हणावा, उभा दावा. यशवंतरावांच्या मनात १८०१ साली काय होतं, त्याला मात्र हाडवैर हाच शब्द शोभतो.

राहिलं लिहिणं. हाडवैर हे नपुंसकलिंगी, हाडवैरी पुल्लिंगी, बाई असेल तर हाडवैरीण. प्रत्यय लागला की हाडवैऱ्याला, हाडवैऱ्याशी. इथे आपली मुलं हमखास चुकतात, कारण ती हिंदी कळफलकावर टंकतात आणि तिथे 'ऱ्य' सहज सापडत नाही. मग 'वैर्याची' असं उमटतं आणि 'धैर्याची'सारखं वाचलं जातं. धैर्यातला र य वर रफार होऊन बसतो, जोर देऊन म्हणायचा. वैऱ्यातला र य ला हलका चिकटतो, जोर न देता. 'रात्र वैऱ्याची आहे' आणि 'रात्र धैर्याची आहे' ही दोन वाक्यं मोठ्यानं म्हणून बघा, फरक कानालाच समजतो.

मी तिच्या वहीत पेन्सिलीनं दोन्ही अक्षरं मोठी काढून दिली. तिनं राजा झालेल्या मुलाला तिथेच बोलावून त्यांवर बोट फिरवायला लावलं आणि मग वाक्य म्हणायला सांगितलं. पहिल्यांदा अडखळला. दुसऱ्यांदा छाती काढून म्हणाला, "हाडवैऱ्या, पुढे ये!"