"सातव्या राउंडमध्ये मी कसा असतो, मलाच माहीत नाही"

खेळाडूंच्या मनाच्या तयारीवर काम करताना एक प्रश्न फार वेळा येतो, कधी आईवडील विचारतात, कधी कोच, कधी पोरगा स्वतःच. सगळ्या फाइट जिंकलाय, आता थेट चॅम्पियनसोबत फाइटची ऑफर आलीये, तयार आहे का तो? बॉक्सिंगचं टेक्निक मी शिकवत नाही आणि ते पहिल्याच भेटीत सांगून टाकते, पण या प्रश्नातला बराच भाग टेक्निकचा नसतोच. एक केस सांगते, ओळख पटेल असं सगळं बदललंय.

मुलगा 22 वर्षांचा. 13 प्रोफेशनल फाइट, तेराही जिंकलेल्या, त्यातल्या 10 नॉकआउट. बाबाच कोच. चॅम्पियनसमोर जो उभा राहणार होता तो ट्रेनिंगमध्ये जखमी झाला म्हणून यांना फोन आला, सहा आठवडे हातात. बाबांना हो म्हणायचं होतं, मुलगाही हो म्हणत होता पण चार रात्री धड झोपला नव्हता, म्हणून बाबा त्याला घेऊन आले आणि बसल्याबसल्या म्हणाले, "मॅडम, याची भीती तेवढी काढून द्या."

आता, बारा राउंड, प्रत्येक तीन मिनिटांचा, समोर त्या वजनगटातला सगळ्यात भारी माणूस, भीती वाटणारच की. वाटावीच, त्या भीतीमुळेच हात वर राहतात. मला फक्त ती नेमकी कशाची आहे ते बघायचं होतं.

पोरगा बोलतच नव्हता. खिशातून हाताला बांधायची पट्टी काढून बोटांभोवती गुंडाळायचा, सोडायचा, परत गुंडाळायचा, आणि बाबा बोलायला लागले की गुंडाळणं घट्ट व्हायचं, एकदा तर अंगठ्याचं टोक पांढरं पडलं. मी बाबांना थोडा वेळ बाहेर बसायला सांगितलं आणि त्याला विचारलं, "तू हरलेला एखादा राउंड सांग मला."

बराच वेळ विचार केला त्याने. "नाहीये मॅडम. सहाव्याच्या पुढे कधी गेलोच नाही मी." मग खाली बघून, अगदी हळू, "सातव्या राउंडमध्ये मी कसा असतो, मलाच माहीत नाही."

चॅम्पियनचं नाव त्या तासाभरात त्याने एकदाही घेतलं नाही.

पुढच्या वेळी मी बाबांनाही आत बसवलं. ते तयारीने आले होते, म्हणाले टायसन 20 वर्षांचा होता, झाला ना चॅम्पियन! झाला, 22 नोव्हेंबर 1986 ला, ट्रेवर बर्बिकला दुसऱ्याच राउंडमध्ये संपवून. पण त्याआधी त्याच्या 27 फाइट झाल्या होत्या, दोन वर्षांच्या आत, आणि त्याच वर्षी मे महिन्यात जेम्स टिलिस आणि मिच ग्रीन या दोघांनी त्याला पूर्ण दहा-दहा राउंड खेळवलं होतं, म्हणजे समोरचा पडतच नाहीये तेव्हा काय करायचं हे तो शिकून आला होता. वयाचा आकडा सगळ्यांच्या लक्षात राहतो, हे दहा राउंड कुणाच्या लक्षात राहत नाहीत.

मग मी त्यांना दोन फाइट घरी बघायला सांगितल्या. 2013 ची कॅनेलो आणि मेवेदरची, आणि डिसेंबर 2000 ची फर्नांडो वर्गास आणि फेलिक्स ट्रिनिडाडची. कॅनेलो आणि वर्गास हे दोघे तरुण, पण नवखे नव्हते, चॅम्पियनच होते, तरी समोरचा जास्त मुरलेला. कॅनेलो 23 चा, पॉइंटवर हरला, ठोसे हवेत जात होते त्याचे, पण शरीर शाबूत राहिलं, खूप काही शिकला आणि 2021 मध्ये सुपर मिडलवेट वजनगटातले चारही मुख्य बेल्ट, म्हणजे जगज्जेतेपदं, त्याच्याकडे होते. वर्गास 22 चा, पहिल्याच राउंडमध्ये दोनदा खाली, तरी उठला, चौथ्यात त्याने ट्रिनिडाडलाच खाली पाडलं, सलाम करावा असं धैर्य, आणि बाराव्यापर्यंत मार खात राहिला, तिथे फाइट थांबवली. त्यानंतर तो पूर्वीचा वर्गास राहिला नाही असं बॉक्सिंगवाले आजही म्हणतात. हरले दोघेही. मला बाबांना एवढंच विचारायचं होतं की तुमचा मुलगा हरला तर यातला कसा हरेल, आणि ते ठरवणारं त्या रात्री कोण असेल?

बाबा म्हणाले, मी आहे ना कॉर्नरला, माझाच मुलगा आहे, मला कळेल कधी टॉवेल टाकायचा.

टॉवेल टाकणं म्हणजे कॉर्नरमधून हार मानून फाइट थांबवणं. यावर मी जरा स्पष्टच बोलले. ज्या माणसाने पंधरा वर्षं या एका रात्रीसाठी काढलीयेत त्यालाच टॉवेल टाकायला सगळ्यात उशीर होतो, प्रेम कमी असतं म्हणून नाही, "अजून एक राउंड, येईल तो परत" असं त्याला मनापासून वाटत असतं. मग मोबाइलवर त्यांच्याच आधीच्या फाइटचा व्हिडिओ लावला, दोन राउंडच्या मधलं एक मिनिट. स्टूलवर बसल्यापासून उठेपर्यंत बाबांनी चौदा सूचना दिल्या, मी मोजल्या, आणि पोरगा प्रत्येकीला मान हलवतोय, पाण्याचा घोटसुद्धा नीट घेत नाहीये. मी पोराला विचारलं यातलं तेव्हा काय ऐकू आलं तुला? तो बाबांकडे बघून म्हणाला, "काहीच नाही."

बाबांनी व्हिडिओ परत लावायला सांगितला. मग म्हणाले, "एवढं बोलतो मी?"

ऑफर नाकारा असं मी सांगितलं नाही, ते माझं काम नाही आणि रिंगमध्ये मी उतरणार नव्हते. दोन दिवसांनी त्यांनीच नाही कळवलं, आणि तो फोन पोराने केला, बाबांनी नाही. मॅनेजर चिडला, अशी संधी परत येत नाही म्हणाला. खरंच येत नाही कधीकधी, हे मी त्या दोघांपासून लपवलं नव्हतं. त्याऐवजी त्यांनी दहा राउंडची फाइट घेतली, समोर 34 वर्षांचा एक जुना खेळाडू, ठोसा फार जोरात नाही पण कुणाला नीट खेळू देत नाही, धरतो, ढकलतो, लय मोडतो. टॉवेल असिस्टंट कोचच्या खांद्यावर, आणि बाबांना दोन राउंडच्या मधल्या मिनिटात एकच वाक्य, तेही पोराने दोन लांब श्वास घेतल्यावर.

फाइटच्या दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला, आवाज बसलेला, ओठ सुजल्यामुळे शब्द नीट फुटत नव्हते. "मॅडम, चौथा हरलो, पाचवा पण हरलो. सातव्याला पाय जड झाले, वाटलं संपलं आता. बाबा फक्त म्हणाले, डावा हात. मग आठवा मी घेतला." दहाही राउंड सांगितले त्याने, एकेक करून, आणि शेवटी म्हणाला, जिंकलो, थोडक्यात.

चॅम्पियनकडून परत विचारणा झालीये, या वेळी चार महिने हातात आहेत. मी बाबांना विचारलं काय ठरलं, तर म्हणाले, "त्याला विचारा."