टर्मिनलमधील चौकटी का बिघडतात? प्रश्नोत्तरे

टर्मिनल म्हणजे आज्ञा टाइप करून संगणक चालवण्याची खिडकी. तिच्यात मेनू आणि तक्त्यांभोवती रेघांच्या चौकटी असतात. ‘चौकटीच्या जागी भलतेच काही दिसते’ ही तक्रार थांबत नाही, म्हणून त्याविषयीचे चार प्रश्न येथे घेतले आहेत.

प्रश्न : चुकून एक बायनरी (म्हणजे वाचण्याजोगा मजकूर नसलेली) फाइल टर्मिनलच्या पडद्यावर उघडली. तेव्हापासून टाइप केलेली अक्षरेही रेघांसारखी दिसतात.

उत्तर : ‘रीसेट’ (reset) ही आज्ञा टाइप करून एंटर दाबावे, टाइप केलेले वाचता येत नसले तरी चालते.

प्रश्न : पुटी या दूरच्या सर्व्हरशी जोडणाऱ्या टर्मिनल प्रोग्रॅममध्ये सर्व्हरवरील मेनूभोवती ‘एल क्यू क्यू के’ अशी अक्षरे उमटतात. तीन फॉन्ट बदलले. मित्र म्हणतो, ‘टर्म’ व्हेरिएबल (टर्मिनल कोणत्या प्रकारचे आहे हे प्रोग्रॅमना सांगणारी नोंद) बदल.

उत्तर : फॉन्ट बिचारा निर्दोष आहे. डेक कंपनीच्या 1978 सालच्या व्हीटी100 टर्मिनलपासून रेघांचा एक वेगळा अक्षरसंच चालत आला आहे. त्यात ‘एल’ हा डावीकडचा वरचा कोपरा, ‘क्यू’ आडवी रेघ, ‘के’ उजवीकडचा वरचा कोपरा आणि ‘एक्स’ उभी रेघ असते. एस्केप, डावा कंस व शून्य अशी खूण आली की हा संच लागू होतो आणि शून्याऐवजी ‘बी’ आला की साधी अक्षरे परततात. पुटी यूटीएफ-8 मध्ये (सर्व लिपींसाठीच्या आजच्या सांकेतिक पद्धतीत) असताना मुळातच ही जुनी पद्धत बंद ठेवते. त्यामुळे खूण वाया जाते आणि अक्षरे तशीच उघडी पडतात. पुटीच्या सेटिंगमधील ‘ट्रान्सलेशन’च्या पानावर यूटीएफ-8 मध्येही व्हीटी100 रेघा चालू ठेवण्याचा पर्याय आहे, तो निवडावा. ऐकीव सल्ल्यावरून ‘टर्म’ला हात लावला, तर चौकट कदाचित सुधारेल, पण बाणांच्या कळा आणि रंग बिघडण्याची शक्यता असते. असे बदल सर्व्हरच्या सामाईक फाइलींत करून ठेवणारे लोक मी पाहिले आहेत आणि निस्तरणे दुसऱ्यांच्या वाट्याला येते. प्रशासकाला विचारल्याशिवाय तेथे एक ओळही लिहू नये.

प्रश्न : जुन्या हिशेबाच्या प्रोग्रॅममध्ये आडव्या रेघेऐवजी डोक्यावर दोन टिंबे असलेला ‘ए’ दिसतो.

उत्तर : प्रोग्रॅम कोडपेज 437 या जुन्या पीसींच्या अक्षरसंचातला 196 हा बाइट पाठवतो, तेथे ती रेघ आहे, पण आपले टर्मिनल तोच बाइट लॅटिन-1 या पश्चिम युरोपीय भाषांच्या अक्षरसंचातला म्हणून वाचते. टर्मिनलची सांकेतिक पद्धत 437 करावी, मात्र त्याच सत्रात इतर भाषांचा मजकूर येत असेल तर आधी प्रोग्रॅम सांभाळणाऱ्याशी बोलावे.

प्रश्न : उभ्या रेघा ओळीगणिक तुटतात. एका विक्रेत्याने खास ‘टर्मिनल फॉन्ट’ विकत घेण्यास सुचवले आहे.

उत्तर : घेऊ नये. दोन ओळींमधले अंतर वाढवलेले असते, म्हणून रेघ पुढच्या ओळीपर्यंत पोहोचत नाही. ते मूळ मापावर आणावे. तरीही फट राहिली, तर चौकटीची चिन्हे फॉन्टमधून न घेता स्वतः रेखाटणारी टर्मिनले आहेत, त्यांपैकी कोणते चालेल हे कार्यालयातील तंत्रज्ञाला विचारावे.