आधी ग्रंथालय गाठ

वर्ग कुठे भरतात ते कळलं की त्याच आठवड्यात ग्रंथालयाचं कार्ड काढून घे. क्रमिक पुस्तकांच्या प्रती मोजक्याच असतात, परीक्षा तोंडावर आली की कपाट रिकामं. पुस्तकाच्या पाठीवरच्या चिठ्ठीवरचे आकडे वाचायला शीक: ड्यूई पद्धतीत, म्हणजे विषयानुसार पुस्तकांना आकडे द्यायच्या पद्धतीत, ३०० पासून सामाजिक शास्त्रं, ५०० पासून विज्ञान. एकदा हे जमलं की शेजारचीच, कुणी न सुचवलेली पुस्तकं हाती लागतात. मला माझ्या प्रकल्पाचा विषय असाच सापडला, अजून आनंद वाटतो! ग्रंथपालांशी बोलत जा, जुन्या प्रश्नपत्रिकांचंही त्यांनाच विचार. आणि हो, फीची पावती, अर्जाची पोच जपून ठेव. माझी पावती हरवली तेव्हा निकाल अडकला होता. तासानंतर सरांना, मॅडमना शंका विचारायला लाजू नकोस.