वेबकॉमिकचं परीक्षण लिहिताना चित्रांना किती गुण द्यायचे आणि कथेला किती?

वेगवेगळे गुण देऊच नका. ‘चित्रं कच्ची, पण गोष्ट बरी’ हे वाक्य मी सख्ख्या भावाकडून ऐकलंय आणि आजही ते मला साफ चुकीचं वाटतं.

आम्ही लालबागच्या चाळीत वाढलो. पहाटे चारला पाणी यायचं, पण आजी तीनपासूनच नळाखाली पिंप लावून बसायची. त्यावर मी कॉमिक केलं, मोबाइलवर वरून खाली सरकवत वाचायचं. पहिल्या चौकटीत आजी आणि कोरडा नळ. मग नुसता काळोख, अंगठा सात-आठदा फिरवावा लागेल इतका. मध्ये एकदाच बांगड्यांचा आवाज. अगदी तळाशी नळ फुसफुसतो.

दादा कमर्शियल आर्ट शिकलेला. त्याने ते ऑफिसात कागदावर छापून आणलं. पानात मावेना म्हणून मधला काळोख कापला, चौकटी शेजारी शेजारी लावल्या आणि आजीच्या बोटांभोवती लाल पेनाने गोल केले. म्हणाला, “हात बसलेला नाही तुझा. गोष्ट बरी आहे.” अरे, गोष्ट त्या काळोखातच होती! कागदावर आजी बसली आणि लगेच पाणी आलं. वाट बघणं गेलं कुठे?

दोन चौकटींमधल्या जागेत वाचक स्वतः काळ भरतो, हे कॉमिक कसं चालतं यावर पुस्तकं लिहिणाऱ्या अमेरिकन चित्रकार स्कॉट मॅक्क्लाउडने १९९३ मध्येच मांडलंय. पडद्याला पानाची हद्द नसते, हेही त्यानेच २००० साली सांगितलं. आणि रँडल मन्रोच्या ‘एक्सकेसीडी’ या वेबकॉमिकमध्ये तर काड्यांची माणसं असतात. २०१३ मध्ये त्याने एकाच चौकटीतलं चित्र चार महिने बदलत ठेवलं, आधी दर अर्ध्या तासाने, मग तासातासाने. एकूण ३,०९९ चित्रं. दोघं जण वाळूचा किल्ला करतायत आणि समुद्र चढतोय. २०१४ मध्ये त्या कॉमिकला विज्ञानकथांसाठीचा ह्यूगो पुरस्कार मिळाला. दादा म्हणतो, तो अपवाद. मग आपल्याकडच्या रचिता तनेजाच्या ‘सॅनिटरी पॅनल्स’ या वेबकॉमिकचं काय? त्याही काड्याच. त्या चित्रांवरून २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाची अवमानाची नोटीस निघाली. कच्च्या हाताचं चित्र एवढं झोंबतं का?

तर, ज्या पडद्यासाठी काढलंय त्यावरच वाचा. मग संवाद बोटाने झाकून पुन्हा बघा. कोण चिडलंय, कोण काय लपवतंय, हे तरीही कळलं तर रेषा काम करतेय. शरीररचनेच्या चुका मोजत बसणं म्हणजे परीक्षण नव्हे.

हां, एकच पात्र दर भागात वेगळं दिसत असेल आणि ओळखूच येत नसेल, तर तो दोषच, तो लिहा. मोकळी जागा दिसली की अर्थ असतोच असंही नाही, काही जण नुसती लांबी वाढवतात. आणि दर आठवड्याला येणाऱ्या कॉमिकचे पहिले तीन भाग वाचून निकाल देऊ नका, वर्षभरात हात बदलतो.

आजीची बोटं खरंच चुकली होती, ती मी नंतर नीट केली. काळोख मात्र तेवढाच ठेवलाय.