माशी दिसेना, तर ठिपका बसवा

प्रश्न : वय ५६. परवान्यावर बारा बोअरची सेमी-ऑटोमॅटिक बंदूक आहे, रेंजवर तबकड्या फोडतो. चाळिशी लागल्यापासून नळीच्या टोकावरची माशी (नेम धरायचा मणी) धूसर दिसते. दुर्बीण लावू की रेड डॉट (काचेत लाल ठिपका दाखवणारं नेमयंत्र)? ते बसवायची पट्टी कोणती?
– केळी बागाईतदार, रावेर

उत्तर : भाऊ, दुर्बीण नको. डोळा तिच्यापासून तीन-चार इंचांवर धरावा लागतो, त्यात बारा बोअरचा धक्का. माझ्या भुवईवरची खूण अजून गेलेली नाही! रेड डॉटला दोन्ही डोळे उघडे चालतात. ३ एमओएचा (एमओए म्हणजे अंशाचा साठावा भाग) ठिपका ५० मीटरवर जेमतेम साडेचार सेंटिमीटर झाकतो. मात्र आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) ट्रॅप-स्कीट या तबकड्यांच्या स्पर्धांना रेड डॉट चालत नाही.

पट्टी पिकॅटिनी नमुन्याची. तिची खाच ५.२३ मिमी रुंद, वीव्हर या दुसऱ्या नमुन्याची ४.५७, म्हणून वीव्हरचा माउंट (पट्टीवर बसणारी पकड) पिकॅटिनीवर सहसा बसतो, उलट नाही. आधी रिसीव्हरच्या (नळीमागच्या, यंत्रणा असलेल्या धातूच्या भागाच्या) माथ्यावर आट्यांची भोकं आहेत का पाहा. नसतील तर लेथवाल्याकडे नेऊ नका, परवानाधारक कारागीरच हवा. पट्टी बुटकीच घ्या; उंच घेतली की गाल दस्त्यावरून सुटतो आणि तबकडी हुकते. स्क्रू सैल होऊ नयेत म्हणून त्यांना निळं लॉकटाइट (आट्या धरून ठेवणारा डिंक) लावा. आणि मे महिन्यात जीपच्या काचेखाली डॉट ठेवू नका, आपल्याकडचं ऊन बॅटरीला सोसत नाही.