चढाई जोरदार, पण जामिनावर

प्रश्न: मी एका कबड्डी मंडळाचा चिटणीस. शेजारच्या तालुक्यातला नामी चढाईपटू आमच्याकडे यायला तयार आहे. एका खेळाडू मुलीच्या विनयभंगाचा गुन्हा त्याच्यावर दाखल आहे, सध्या जामिनावर सुटलाय. अध्यक्ष म्हणतात, "नुसता आरोपच आहे ना, घेऊन टाका." आमच्याच मैदानावर मुली सराव करतात, त्यात माझी भाचीही. नोंदणीवर सही करू का?

उत्तर: चिटणीसभाऊ, आत्ता करू नका. तो दोषी आहे म्हणून नव्हे, ते न्यायालय बघेल. संध्याकाळी साडेपाचला मैदानावर कोण असणार, एवढंच तुम्हाला ठरवायचंय.

आधी त्याच्याकडून एफआयआर, जामिनाचा आदेश आणि दाखल झालं असेल तर दोषारोपपत्र मागा. लैंगिक गुन्ह्यांचे एफआयआर पोलिसांच्या संकेतस्थळावर टाकत नाहीत, तेव्हा प्रत त्यानेच द्यायला हवी. खटला कुठवर आलाय ते ई-कोर्ट्स या न्यायालयांच्या संकेतस्थळावर सीएनआर क्रमांक (खटल्याचा स्वतंत्र नोंदणी क्रमांक) टाकला की दिसतं. कागद द्यायला टाळाटाळ झाली तर विषय तिथंच मिटला.

जामिनाचा आदेश शेवटच्या ओळीपर्यंत वाचा, मंडळं इथंच फसतात. तक्रारदाराशी संपर्क ठेवायचा नाही, ही अट बहुधा असतेच. आता स्पर्धा डोळ्यांसमोर आणा: मैदान एकच, पाचला मुलींचा सामना, सातला मुलांचा. ती मुलगी गुडघ्याची पट्टी सोडत बसलीय आणि हा फाटकातून आत येतोय. जामीन रद्द व्हायची वेळ आली, तर त्याला तिथं नेलं कुणी? तुमच्याच मंडळाच्या गाडीने.

"बसून मिटवू" हे तर अध्यक्षांना मुळीच करू देऊ नका. मंडळाची माणसं मुलीच्या घरी गेली की तो साक्षीदारावरचा दबाव. तिचं नाव व्हॉट्सॲप ग्रुपवरही नको.

ठरावात 'नोंदणी नाकारली' न लिहिता 'निकालापर्यंत स्थगित' लिहा. श्रीलंकेचा क्रिकेटपटू दनुष्का गुणतिलका याला नोव्हेंबर २०२२ मध्ये लैंगिक अत्याचाराच्या आरोपावरून सिडनीत अटक झाली, बोर्डाने निलंबित केलं. सप्टेंबर २०२३ मध्ये तो निर्दोष सुटला आणि पुढच्याच महिन्यात बंदी उठली. याउलट स्कॉटलंडच्या रेथ रोव्हर्स या फुटबॉल क्लबने जानेवारी २०२२ मध्ये डेव्हिड गुडविलीला घेतलं. दिवाणी न्यायालयाने २०१७ मध्येच त्याला बलात्कारी ठरवलं होतं. महिला संघाच्या कर्णधाराने क्लब सोडला, प्रायोजक गेले, आणि आठवड्याच्या आत 'तो खेळणार नाही' असं क्लबला जाहीर करावं लागलं.

अध्यक्ष ऐकत नसतील तर तुमचा विरोध इतिवृत्तात नावानिशी नोंदवून घ्या. सभेत भाचीचं नाव मात्र काढू नका, 'चिटणीसाचा घरचा मामला' म्हणून उडवून लावतील. त्यापेक्षा मुलींच्या प्रशिक्षकांना सभेला बोलवा.