अमेरिकेहून आली आणि गप्प झाली

"मुलाकडं सहा महिने राहून आली, तवापासून हे रात्री दोन वाजता उठते आन् आंगनात फिरत राह्यते. बोलत नाही. डोक्यावर तं परिनाम नाही झाला, बाई?"

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातून आलेल्या काकांनी खुर्चीवर बसायच्या आधीच काकूंबद्दल हे विचारलं. समुपदेशनासाठी माझ्याकडे येणाऱ्यांकडून हल्ली असे प्रश्न वारंवार येतात. पोरं पुण्याहून परदेशी गेली, आता आईबाबा फिरून येतात, आणि आल्यावर घरातलं कुणीतरी हरवल्यासारखं वागतं. काका-काकूंच्या संमतीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

दोघं एप्रिलमध्ये टेक्सासला गेली आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला परतली. माझ्याकडे आली तेव्हा येऊन तीन आठवडे झाले होते. तिकडचं उन्हाळ्यातलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेदहा तास मागं असतं. शरीराला नव्या वेळेशी जुळवून घ्यायला साधारण तासामागे एक दिवस लागतो, आणि पूर्वेकडे येताना जास्त जड जातं. म्हणजे दहा-बारा दिवस झोप उलटीपालटी होणं समजू शकतं, पण तीन आठवडे नाही. म्हणून आधी थायरॉईड, साखर, बी-१२ तपासून घ्यायला सांगितलं. दोन आठवड्यांहून जास्त काळ, दिवसाचा बराचसा वेळ मन उदास राहिलं आणि कशातच गोडी उरली नाही, तर ते नैराश्य असू शकतं. त्यामुळे "जीव नकोसा होतो का, काकू?" हेही सरळ विचारलं. हा प्रश्न विचारल्याने कुणाच्या डोक्यात तसा विचार शिरत नाही. उलट माणूस मोकळा होतो. काकू नाही म्हणाल्या, आणि पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं.

त्यांच्या मनगटावर घड्याळ होतं. बाहेर दुपारचे साडेबारा आणि काकूंच्या घड्याळात दोन. मी धरूनच चालले की नातवाची आठवण येते. सगळ्यांनीच तसं धरलं होतं. इथे माझी चूक झाली. एक अख्खी बैठक मी नातवाबद्दलच विचारत राहिले आणि काकू "हो, येते नं आठवन" म्हणत राहिल्या.

दुसऱ्या वेळी विचारलं, "तिथल्या दिवसातली कोणती वेळ इथं नाही?"

"संध्याकाळचे सात," त्या लगेच म्हणाल्या. "सुनेनं बूट घेऊन देल्ले होते. सात वाजता मी एकटी निंघो. ऊन आपल्यासारखंच कडक, पन साडेआठलोक उजेड राहे. तळ्याच्या भवताल दोन चक्कर. कोनी इचारत नव्हतं, कुठं चालली म्हनून."

"आणि इथं?"

"इथं पायात चप्पल घातली का चार जनी इचारते. काम सांगा लागते. नुसतं फिराले चालली म्हटलं तं हासते."

बूट कपाटावर, खोक्यात ठेवलेले होते.

अठ्ठावन्न वर्षांच्या बाईला आयुष्यात पहिल्यांदा कारण न देता घराबाहेर पडता आलं होतं, आणि ते परत आल्यावर सुटलं. त्याचं दुःख करायची सोय नव्हती. सांगितलं असतं तर "अमेरिकेचं वारं लागलं" असं ऐकावं लागलं असतं. एक-दोघींनी तसं म्हणूनही झालं होतं. म्हणून त्या बोलायच्याच थांबल्या. काकांचे सहा महिने अगदी वेगळे गेले होते. ते तिकडं सोयाबीन सोंगणीचे दिवस मोजत होते, पऱ्हाटीवर बोंडअळी आली का हे फोनवर विचारत होते. परतल्यावर ते शेतात गेले, आणि काकू चुलीपुढे बसल्या. घरी येण्याचा आनंद दोघांना सारखाच व्हावा, अशी अपेक्षा काकांनी ठेवली, यात त्यांचा कावा नव्हता. त्यांना दिसलंच नव्हतं.

मग आम्ही तिघांनी मिळून घड्याळाचा हिशेब केला. टेक्सासचे संध्याकाळचे सात म्हणजे आपल्याकडचे पहाटेचे साडेपाच. मुलगाही तेव्हा कामावरून घरी आलेला असतो. काकांना मी एवढंच सांगितलं की साडेपाचला चहा तुम्ही ठेवायचा, आणि कुणी विचारलं तर उत्तर तुम्ही द्यायचं. ते बराच वेळ टोपीची कड चाचपत बसले. मग म्हणाले, "ठेवतो मी. चहा काय, येते मले."

काकूंना सांगितलं की दुपारी झोपायचं नाही, सकाळचं ऊन अंगावर घ्यायचं, आणि प्रवासाची सगळी गोष्ट निदान एका बाईला पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगायची. त्यांनी शेजारच्या विधवा वहिनीला निवडलं. आता दोघी पांदण रस्त्याने नाल्यापर्यंत जाऊन येतात.

तुमच्याही घरी असं कुणी असेल तर "काय कमी आहे तुला इथं?" असं विचारू नका. तिथं काय होतं, ते विचारा. झोप, जेवण, बोलणं हे सगळंच दोन आठवड्यांहून जास्त बिघडलेलं राहिलं किंवा जीव नकोसा झाल्याचं बोलणं आलं, तर थांबू नका. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास, मोफत चालतो, आणि मराठीत बोलता येतं.

नोव्हेंबरच्या शेवटी काकू आल्या तेव्हा पायात तेच बूट होते, तळवे काळ्या मातीने माखलेले. घड्याळात अजून तिकडचीच वेळ होती. मुलानं सांगितलं म्हणे, आता तिकडं हिवाळ्यासाठी घड्याळ तासभर मागं केलं, म्हणून काकूंनीही काटा मागं घेतला होता.